रेडक्रॉसचे जनक हेन्री ड्यूनांट : करुणेला शिस्त देणारा सेवाव्रती

दरवर्षी ८ मे हा दिवस जगभर रेडक्रॉस दिन म्हणून पाळला जातो. रक्तपेढी, शाळेतील प्रथमोपचाराचे वर्ग, पूर-भूकंपाच्या वेळी धावून जाणारी पथके यांमुळे रेडक्रॉस हे नाव आपल्याकडेही घरोघरी परिचित झाले आहे. परंतु ही तारीख एका माणसाची जन्मतारीख आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्याच्या कल्पनेतून ही संस्था जन्माला आली त्याला संस्थेने चार-पाच वर्षांतच दूर केले, जन्मगावाने दिवाळखोर ठरवले, आणि आयुष्याची अखेरची अठरा वर्षे त्याने एका डोंगराळ गावातील रुग्णालयाच्या छोट्या खोलीत काढली, हे तर त्याहूनही थोड्यांना माहीत असते. हेन्री ड्यूनांट यांचे हे चरित्र सेवेच्या मार्गाने जाऊ पाहणाऱ्या तरुणांनी मुद्दाम वाचावे असे आहे. त्यात भाबडे कौतुक करण्यासारखे जितके आहे तितकेच विचार करायला लावणारेही आहे.

जीन हेन्री ड्यूनांट यांचा जन्म ८ मे १८२८ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा या शहरी एका सुखवस्तू व धर्मनिष्ठ कुटुंबात झाला. वडील व्यापारी होते. अनाथ मुले आणि तुरुंगातून सुटलेले कैदी यांना आधार देण्याच्या कामात ते लक्ष घालीत. आई गोरगरीब व रुग्ण यांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करी. लहानपणी एका प्रवासात फ्रान्समधील तुलों येथील तुरुंगातील कैद्यांचे हाल या मुलाने पाहिले आणि ते दृश्य त्याच्या मनातून कधीच गेले नाही. अठराव्या वर्षी ड्यूनांट जिनिव्हातील दानधर्म करणाऱ्या एका संस्थेत दाखल झाले. पुढच्याच वर्षी, १८४७ मध्ये, त्यांनी काही मित्रांना जमवून एक मंडळ काढले. दर गुरुवारी ही मुले एकत्र येत, धर्मग्रंथाचे वाचन करीत आणि उरलेला वेळ गरिबांच्या वस्तीत व तुरुंगात घालवीत. त्यामुळे त्यास गुरुवार मंडळ असेच नाव पडले.

शाळेतील प्रगती मात्र बेताचीच होती. गुण कमी पडल्यामुळे १८४९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यांना विद्यालय सोडावे लागले आणि ते एका सराफी पेढीवर उमेदवारी करू लागले. ३० नोव्हेंबर १८५२ रोजी त्यांनी ख्रिस्ती तरुण संघाची, म्हणजे ज्यास आपण वायएमसीए म्हणून ओळखतो त्या संस्थेची, जिनिव्हा शाखा स्थापन केली. तेवढ्यावर समाधान न मानता त्यांनी देशोदेशींच्या अशाच तरुण मंडळांशी पत्रव्यवहार सुरू केला. १८५५ मध्ये पॅरिस येथे या सर्व शाखांचा जागतिक संघ स्थापन झाला, त्यात ड्यूनांट यांचा वाटा मोठा होता. निरनिराळ्या गावचे, निरनिराळ्या भाषांचे, परस्परांना न ओळखणारे तरुण एका सूत्रात कसे बांधावेत, हे त्यांना वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीच साधले होते. हिशेबाची वही नीट ठेवण्याचे कसब मात्र त्यांना कधीच साधले नाही, आणि त्याची किंमत त्यांनी पुढे जन्मभर मोजली.

पेढीच्या कामासाठी १८५३ मध्ये ते अल्जीरियात गेले. तेव्हा तो देश फ्रान्सच्या अमलाखाली होता. पुढे त्यांनी तेथे स्वतःची कंपनी काढली. जमीन घ्यायची, गहू पिकवायचा, पिठाच्या गिरण्या चालवायच्या, असा बेत होता. भागधारक मिळाले, पैसा गोळा झाला, गिरणी उभी राहिली. परंतु जमिनीचे आणि पाण्याचे हक्क काही केल्या स्पष्ट होईनात. सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून झाल्यावर ड्यूनांट यांनी थेट फ्रान्सच्या सम्राटालाच, तिसऱ्या नेपोलियनला, भेटायचे ठरवले. सम्राट त्या वेळी इटलीच्या उत्तर भागात, लोम्बार्डी प्रांतात, ऑस्ट्रियाशी युद्ध करीत होता. सम्राटाची मर्जी संपादन व्हावी म्हणून त्याची स्तुती करणारे एक पुस्तकही त्यांनी सोबत घेतले होते. मानवतेच्या इतिहासातील एका थोर कार्याचा आरंभ असा पाण्याच्या परवान्यासाठी निघालेल्या एका व्यापाऱ्याच्या खटपटीतून झाला.

२४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनो या गावाच्या परिसरात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक दिवसभर लढले. संध्याकाळपर्यंत ठार, जखमी व बेपत्ता झालेल्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात गेली. ड्यूनांट त्याच सुमारास जवळच्या कास्तिल्योने या गावी येऊन पोहोचले. गाव पाच हजार वस्तीचे; पुढच्या तीन दिवसांत तेथे नऊ हजारांहून अधिक जखमी आणले गेले. चर्च, मठ, शाळा, लोकांची घरे, अंगणे, रस्ते, सर्व भरून गेले. रस्त्यांच्या कडेला गवत पसरून त्यावर माणसे ओळीने निजवली होती. फ्रेंच सैन्यात घोड्यांच्या मानाने पशुवैद्य जितके होते, त्या प्रमाणात माणसांसाठी डॉक्टर नव्हते, ही गोष्ट त्या काळच्या व्यवस्थेबद्दल पुरेशी बोलकी आहे.

ड्यूनांट ना डॉक्टर होते, ना सैनिक. उन्हाळ्यात प्रवासासाठी घालायचा पांढरा पोशाख त्यांच्या अंगावर होता, म्हणून जखमी सैनिक त्यांना पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ म्हणून ओळखू लागले. गावातील मोठ्या चर्चमध्ये त्यांनी काम सुरू केले. गावच्या बायका पुढे आल्याच होत्या. ड्यूनांट यांनी त्यांच्या तुकड्या केल्या. कोणी पाणी द्यायचे, कोणी जखमा धुवायच्या, कोणी अन्न वाटायचे, अशी कामे ठरवून दिली. गावातली लहान मुले बादल्या, डबे, झारी, जे हाती लागेल ते घेऊन विहिरी-कारंज्यांवरून चर्चपर्यंत पाण्याच्या खेपा घालू लागली. आपला गाडीवान ब्रेशिया या शहरी पाठवून ड्यूनांट यांनी स्वखर्चाने औषधी वनस्पती, लिंबे, साखर, सदरे, स्पंज, पट्ट्या आणि तंबाखू मागवली. जाता-येता गावात अडकलेले काही प्रवासीही त्यांनी कामाला लावले. त्यांत दोन इंग्रज पर्यटक होते, पॅरिसचा एक पत्रकार होता, एक म्हातारा नौदल अधिकारी होता. नोशातेल गावच्या एका व्यापाऱ्याने दोन दिवस जखमा बांधल्या आणि मरणोन्मुख सैनिकांची घरी पाठवायची पत्रे लिहून दिली.

कास्तिल्योनेच्या बायकांनी या कामात फ्रेंच कोण आणि ऑस्ट्रियन कोण, हा भेद केला नाही. सगळेच भाऊ आहेत, अशा अर्थाचे शब्द त्यांच्या तोंडी होते, असे ड्यूनांट यांनी नमूद केले आहे. शत्रूच्या जखमीलाही तितकेच पाणी आणि तितकीच पट्टी, हा नियम कोणत्याही सरकारने केला नव्हता. तो त्या बायकांनी आपणहून पाळला, आणि पुढे सगळ्या जगाने तो कागदावर उतरवून घेतला.

येथे क्लॉडियस माझुए नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाची आठवण सांगणे योग्य होईल. तो फ्रेंच सैन्यात आपखुशीने भरती झाला होता. त्याच्या डाव्या कुशीत गोळी शिरली होती आणि वाचण्याची आशा उरली नव्हती. ड्यूनांट यांनी त्याला पाणी पाजले. त्याने आभार मानले आणि वडिलांना पत्र लिहून आईची काळजी घ्यायला सांगावे, अशी विनंती केली. ड्यूनांट यांनी लियों शहरातील त्याचा पत्ता टिपून घेतला. तो टिपून होतो न होतो तोच त्याचा प्राण गेला. आपल्या मुलाचे काय झाले, हे त्या आईवडिलांना कळले ते केवळ या पत्रामुळे. युद्धात हरवलेल्या माणसांचा शोध घेऊन त्यांच्या घरच्यांना खबर देणे हे आज आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे एक स्वतंत्र काम आहे.

इथवरची हकीकत कोणत्याही सेवाव्रतीच्या चरित्रात शोभेल अशी आहे. ड्यूनांट यांचे वेगळेपण त्यानंतर दिसते. कास्तिल्योनेमध्ये जे घडले त्याबद्दल ते स्वतःवर खूश नव्हते. त्यांनी बारकाईने पाहिले होते की गावात पाणी होते, अन्नही होते, तरीही माणसे तहानेने व भुकेने मरत होती. जखमांवर लावायचा कापूस ढिगाने पडला होता. तो लावणारे पुरेसे हात नव्हते. जे हात होते त्यांना जखम कशी धुवावी, कोणाला आधी उचलावे, कोणाला हलवू नये, हे ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशीचा उत्साह चौथ्या दिवशी उरत नाही, हेही त्यांनी पाहिले. दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रियन सैन्य परत आल्याची खोटी अफवा उठली, तेव्हा गावात एकच धावपळ उडाली आणि घरांची दारे धडाधड बंद झाली. दया खरी होती, पण तिच्यामागे पूर्वतयारी नव्हती. पैसे देऊन नेमलेले मदतनीस कंटाळून किंवा किळस येऊन निघून जात, आणि आपणहून आलेले दमून जात. वेळीच जाणकार हात मिळाले असते तर यांतले कितीतरी जण वाचले असते, ही टोचणी घेऊन ड्यूनांट जिनिव्हाला परतले. पकडलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना जखमींच्या सेवेसाठी मोकळे सोडावे, ही त्यांची विनंती तेवढी मान्य झाली होती. ज्या कामासाठी ते निघाले होते ते पाण्याच्या हक्काचे काम मात्र तसेच राहिले.

१८६२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी सोल्फेरिनोच्या आठवणींचे पुस्तक स्वतःच्या पैशाने छापले. प्रती सोळाशे. त्या त्यांनी विकल्या नाहीत. युरोपातील राजे, मंत्री, सेनापती आणि समाजसेवक यांना पाठवून दिल्या. पुस्तकाचा बहुतेक भाग लढाई आणि जखमींचे हाल यांनी व्यापला आहे, आणि तो वाचवत नाही इतका भीषण आहे. परंतु पुस्तकाचे खरे मोल शेवटच्या काही पानांत आहे. प्रत्येक देशात शांततेच्या काळातच स्वयंसेवकांच्या संस्था का स्थापन करू नयेत, असा प्रश्न त्यांनी तेथे विचारला. हे स्वयंसेवक उत्साही हवेत, पण त्याबरोबर शिकलेले हवेत. त्यांची आधीपासून तयारी झालेली असावी, साहित्य आधीपासून साठवलेले असावे, आणि सेनापतींनी त्यांना अधिकृत मान्यता दिलेली असावी. दुसरी मागणी अशी की सर्व राष्ट्रांनी मिळून जखमींच्या सेवेसंबंधी एक पवित्र करार करावा.

आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळी सेवा हा अंतःकरणाचा विषय मानला जाई. तिला शिक्षण, मोजमाप किंवा नियम लागतो असे म्हणणे बऱ्याच जणांना रुचत नसे. ते आजही रुचत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून तरुण धावले. त्यांच्या कळकळीबद्दल कोणाला शंका नव्हती. परंतु मदतीला आलेल्यांबरोबर पाहायला आलेल्यांचीही एवढी गर्दी लोटली की ढिगारे उपसणाऱ्यांनाच तिचा अडथळा होऊ लागला. त्याच भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. घोंगडी आणि धान्य वाटून परतणे आणि मुलांची कित्येक वर्षे निभवायची जबाबदारी घेणे यांतील अंतर ज्यांनी ते काम जवळून पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको.

ड्यूनांट यांच्या विचाराला विरोध झाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करून कीर्ती मिळवलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याविषयी ड्यूनांट यांना अपार आदर होता. परंतु नाइटिंगेल यांना ही योजना पटली नाही. सैनिकांची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. स्वयंसेवकांनी ते अंगावर घेतले तर सरकारे हात झटकतील, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. स्वयंसेवी संस्थांनी कोणते काम करावे आणि कोणते शासनाकडून करून घ्यावे, हा वाद आजही मिटलेला नाही.

जिनिव्हातील लोककल्याण संस्थेचे अध्यक्ष, गुस्ताव मोयनिए नावाचे वकील, यांनी पुस्तक वाचून ड्यूनांट यांची भेट घेतली. ९ फेब्रुवारी १८६३ रोजी संस्थेच्या सभेत हा विषय निघाला आणि पाच जणांची समिती नेमली गेली. ड्यूनांट, मोयनिए, वयोवृद्ध जनरल द्युफूर, आणि डॉक्टर आपिया व मोन्वार. १७ फेब्रुवारी रोजी समितीची पहिली बैठक झाली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती आपला आरंभ त्याच दिवसापासून मोजते. मोयनिए शिस्तीचे, व्यवहारी, एकेक पाऊल मोजून टाकणारे. ड्यूनांट यांना मात्र झोपेतही नवीन कल्पना सुचत. त्या सप्टेंबरमध्ये बर्लिन येथे एक मोठी परिषद भरली होती. तेथे जाऊन, समितीला न विचारताच, ड्यूनांट यांनी एक नवीन मागणी छापून वाटून टाकली. जखमी, डॉक्टर, परिचारक आणि स्वयंसेवक या सर्वांना युद्धात तटस्थ मानावे, त्यांच्यावर कोणी शस्त्र उगारू नये, अशी ती मागणी होती. मोयनिए यांना हे अशक्य वाटले आणि सहकाऱ्याचे वागणे मुळीच आवडले नाही. परंतु राष्ट्रांनी हीच मागणी उचलून धरली. या दोन माणसांतील दुरावा तेथून वाढत गेला. खरे तर रेडक्रॉसला दोघांचीही गरज होती. ड्यूनांट नसते तर ती जन्मली नसती, आणि मोयनिए नसते तर बहुधा टिकली नसती.

१८६३ च्या ऑक्टोबरमध्ये जिनिव्हात भरलेल्या परिषदेत ठराव झाले. प्रत्येक देशात समिती असावी. तिने शांततेच्या काळातच साहित्य जमवावे आणि स्वयंसेवी परिचारकांना शिक्षण द्यावे. रणांगणावर या स्वयंसेवकांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहावे. सर्व देशांत त्यांची ओळख एकच असावी, पांढऱ्या दंडपट्टीवर लाल क्रॉस. जो कोणी येईल त्याला घेऊ नका, त्याला आधी तयार करा, असा याचा अर्थ होता. पुढच्या वर्षी, २२ ऑगस्ट १८६४ रोजी, बारा राज्यांनी जिनिव्हा करारावर सह्या केल्या. करार अवघ्या दहा कलमांचा होता. ज्या परिषदेत तो झाला तिच्यात ड्यूनांट यांच्याकडे पाहुण्यांच्या निवासाची व सरबराईची व्यवस्था होती. त्यांना त्यात कमीपणा वाटल्याचे दिसत नाही.

ड्यूनांट यांनी मांडलेला तयारीचा आग्रह पुढे जगाला पुन्हा एकदा, फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १९९४ मध्ये आफ्रिकेतील रवांडा देशात नरसंहार झाला आणि लाखो निर्वासित शेजारच्या देशात गोमा शहराजवळ आले. शंभरावर संस्था मदतीला धावल्या, तरीही छावण्यांमध्ये पटकीच्या साथीने हजारो माणसे दगावली. कोणी पाण्याची सोय केली तर शौचालयांकडे कोणाचे लक्ष नव्हते. काही पथके तर अशा कामाच्या कसल्याही अनुभवावाचून आली होती. त्याच वर्षी रेडक्रॉस आणि अन्य संस्थांनी मदतकार्याची आचारसंहिता तयार केली. १९९७ मध्ये स्फिअर या नावाने किमान मानके ठरवण्याचे काम सुरू झाले आणि २००० मध्ये त्यांची पुस्तिका निघाली. आपत्तीत सापडलेल्या प्रत्येक माणसाला दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी, निवाऱ्यात किमान साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे निदान एक शौचालय, अशी ती मोजमापे आहेत. आकडे रुक्ष वाटतात. पण मदत ही देणाऱ्याची मर्जी नसून घेणाऱ्याचा हक्क आहे, आणि म्हणून ती पुरेशी आहे की नाही हे मोजून पाहिले पाहिजे, हा विचार त्यामागे आहे. मदत मिळालेल्या माणसाला तक्रार करण्याची सोय असावी आणि स्वयंसेवकाला कामापूर्वी शिक्षण मिळावे, असा आग्रह २०१४ मध्ये ठरलेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या मानवतावादी मानकांतही दिसतो. भारतात रेडक्रॉस सोसायटी १९२० च्या कायद्याने स्थापन झाली, आणि आपल्याकडील कित्येक पिढ्या शाळेतच त्रिकोणी पट्टी बांधायला शिकल्या.

मूळ कथेकडे वळावयाचे तर, जिनिव्हा करार झाला तेव्हा ड्यूनांट छत्तीस वर्षांचे होते आणि त्यांचे नाव युरोपभर झाले होते. या सर्व काळात अल्जीरियातील व्यवसायाकडे त्यांचे लक्ष नव्हते. १८६७ मध्ये त्यांचे संबंध असलेली जिनिव्हातील पतपेढी बुडाली आणि तिच्याबरोबर ड्यूनांटही बुडाले. कर्ज सुमारे दहा लाख फ्रँक झाले. ज्यांचे पैसे गेले त्यांत त्यांचे आप्त आणि मित्रही होते. १८६८ मध्ये व्यापारी न्यायालयाने त्यांना फसवणुकीच्या व्यवहाराबद्दल दोषी ठरवले. समितीचे सचिवपद गेले, सभासदत्व गेले. ज्या तरुण संघाची शाखा त्यांनी उभी केली होती तिनेही त्यांना काढून टाकले. त्याच वर्षी आई वारली. ड्यूनांट यांनी जिनिव्हा सोडले होते, तेथे ते पुन्हा कधीही परतले नाहीत. त्यांच्या चाहत्यांनी या प्रकरणी सर्व दोष मोयनिए यांच्यावर टाकण्याचा प्रयत्न केला आहे. मोयनिए कठोर वागले हे खरेच. परंतु लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशाचा हिशेब ड्यूनांट यांना देता आला नाही, हेही तितकेच खरे. सार्वजनिक काम करणाऱ्याचे खासगी व्यवहार चोख नसले तर कामालाही डाग लागतो, ही समितीची भीती अनाठायी नव्हती.

पुढची वीस वर्षे वणवणीची होती. १८७०-७१ च्या युद्धात पॅरिसमध्ये त्यांनी पुन्हा जखमींसाठी काम केले, युद्धकैद्यांसाठी परिषदा भरवल्या, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लंडनमध्ये आवाज उठवला. पण हातात पैसा नव्हता. कोटाचा उडालेला काळा रंग शाईने झाकावा, मळलेली कॉलर खडूने पांढरी करावी, रात्र रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात काढावी, असे दिवस आपण काढल्याचे त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. जर्मनीतील श्टुटगार्ट येथे १८७७ मध्ये त्यांची रुडॉल्फ म्युलर नावाच्या विद्यापीठातील एका विद्यार्थ्याशी ओळख झाली. पन्नाशीला आलेला, विस्मृतीत गेलेला हा गृहस्थ आणि तो तरुण यांचे मैत्र अखेरपर्यंत टिकले.

१८८७ मध्ये ड्यूनांट स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडील हायडन या डोंगरावरच्या गावी येऊन राहिले. १८९२ मध्ये तेथील रुग्णालयात डॉक्टर आल्थेर यांच्या देखरेखीखाली त्यांना बारा क्रमांकाची खोली मिळाली. ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. गावातील सोंडेरेगर नावाच्या तरुण शिक्षकाने आणि त्याच्या पत्नीने त्यांना आठवणी लिहायला प्रवृत्त केले. त्यांच्याच पुढाकाराने गावात रेडक्रॉसची शाखा निघाली आणि १८९० मध्ये तिचे सन्माननीय अध्यक्षपद ड्यूनांट यांना मिळाले. जगाला मात्र ते हयात आहेत हेही ठाऊक नव्हते. १८९५ च्या ऑगस्टमध्ये बाउमबर्गर नावाचे एक संपादक हायडनला आले, त्यांची ड्यूनांट यांच्याशी गाठ पडली, आणि सप्टेंबरमध्ये रेडक्रॉसच्या संस्थापकावर त्यांचा लेख छापून आला. युरोपभर खळबळ उडाली. पत्रे, मानपत्रे, मदत यांचा ओघ सुरू झाला. रशियाच्या राजमातेने वर्षासन दिले. रुडॉल्फ म्युलर आता श्टुटगार्टमध्ये शिक्षक झाला होता. त्याने १८९७ मध्ये रेडक्रॉसच्या उगमाचा इतिहास लिहून ड्यूनांट यांचे विसरलेले कार्य पुराव्यानिशी लोकांसमोर ठेवले.

१९०१ मध्ये शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक ड्यूनांट आणि फ्रान्सचे शांततावादी फ्रेडरिक पासी यांना विभागून देण्यात आले. या निवडीवर टीकाही झाली. जखमींची सेवा करून युद्ध सुसह्य करणे म्हणजे युद्धाचे आयुष्य वाढवणे नव्हे काय, असे शांततावाद्यांतील काही जण म्हणत. अहिंसेचा विचार करणाऱ्या वाचकालाही हा प्रश्न सहज टाळता येणार नाही. ड्यूनांट स्वतः उतारवयात युद्धाचे कट्टर विरोधक झाले होते आणि शस्त्रसंन्यासाच्या बाजूने लिहीत होते. परंतु समोर तहानेने तळमळणारा माणूस असताना युद्धाची चर्चा आधी करावी की पाणी आधी द्यावे, याचा निर्णय त्यांनी कास्तिल्योनेच्या चर्चमध्येच केला होता.

पारितोषिकाचा त्यांचा वाटा एक लाख चार हजार स्विस फ्रँकांचा होता. जुन्या सावकारांचा हात तेथवर पोहोचू नये म्हणून हान्स डाए या नॉर्वेच्या लष्करी डॉक्टरांनी ती रक्कम नॉर्वेच्या बँकेत ठेवण्याची व्यवस्था केली. ड्यूनांट यांनी त्यातील एक पैसाही स्वतःसाठी खर्च केला नाही. १९०३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाच्या वैद्यक विभागाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. मान मिळाला, मनःशांती मिळाली नाही. सावकार आणि जुने विरोधक आपला पाठलाग करीत आहेत, या संशयाने त्यांना ग्रासले होते. जेवणात विष असेल या भीतीने ते रुग्णालयाच्या आचाऱ्याला आपल्या देखत आधी चव घ्यायला लावीत. हजारो अनोळखी माणसांवर विश्वास टाकून ज्याने जगभर एक साखळी उभी केली, त्याच्या वाट्याला शेवटी हा अविश्वास यावा, हे वाचताना मन विषण्ण होते.

मोयनिए २१ ऑगस्ट १९१० रोजी वारले. दोघांचा समेट अखेरपर्यंत झाला नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी, ३० ऑक्टोबर १९१० रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी हायडनच्या त्याच खोलीत ड्यूनांट यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार कोणताही समारंभ न करता झुरिकच्या सिलफेल्ड दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. मृत्युपत्रात त्यांनी आपली शुश्रूषा करणाऱ्यांची आठवण ठेवली होती. नॉर्वे व स्वित्झर्लंडमधील सेवाभावी संस्थांना देणग्या दिल्या होत्या; उरलेल्या पैशातून सावकारांचे जमेल तितके देणे फेडावे, असेही लिहून ठेवले होते. ते पूर्ण फिटले नाहीच. हायडनच्या रुग्णालयातील एक खाट मात्र त्यांनी त्या परिसरातील गरीब रुग्णांसाठी कायमची राखून ठेवली. तिचा आकार रुग्णाकडून घ्यावयाचा नव्हता.